पुढच्या महिन्यातला प्रोसेसर

कुणाल म्हात्रेच्या मते कोन गावात दोन प्रकारची माणसं राहत होती. एक, कॉम्प्युटर विकत घेऊन मोकळी झालेली मूर्ख माणसं. आणि दुसरा तो स्वतः, जो अजून थांबला होता.

कोणी नवीन मशीन घेतल्याचं कानावर आलं की तो खुर्चीत मागे रेलायचा आणि विचारायचा, "कधी घेतलंस?" उत्तर काहीही येवो, तो मान हलवायचा. "दोन महिने थांबायला काय झालं होतं?" समोरच्याचा चेहरा पडला की त्याला बरं वाटायचं. दिवसातून एखाद्या वेळी तरी कोणाचा चेहरा पाडला नाही, तर त्याला जेवण जायचं नाही असं त्याची बायको निशा मनातल्या मनात म्हणायची.

कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून त्यांचं दुमजली घर होतं. खालचे गाळे एका ट्रान्सपोर्टवाल्याला आणि एका टायरवाल्याला भाड्याने दिलेले. मागे वडिलांचं, केसरीनाथ म्हात्र्यांचं, मोठं गोडाऊन. घर त्या भाड्यावर चालायचं. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या खोलीत 'के. एम. स्टुडिओ' होता. लग्नांचे, हळदींचे, बारशांचे व्हिडिओ तिथे जोडून मिळत. पाटीवर नाव कुणालचं होतं आणि काम निशा करायची. कुणाल एसीखाली काळ्या चाकाच्या खुर्चीत बसून मोबाइलवर, येऊ घातलेल्या प्रोसेसरांचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूंचे, व्हिडिओ बघायचा. कोणता केव्हा येणार, त्यात एकाच वेळी काम करणारे कोअर किती असणार, आधीच्यापेक्षा किती टक्के वेगवान, सगळं त्याला तोंडपाठ. जे अजून बाजारात आलेलं नव्हतं त्याबद्दल त्याच्याइतकं जाणणारा माणूस भिवंडी तालुक्यात नव्हता. जे बाजारात होतं ते त्याच्या लेखी कालचं झालं होतं.

आणि ज्या मशीनवर निशा काम करत होती ते आठ वर्षांचं होतं.

ते मशीन कुणालनेच जोडलं होतं, लग्नानंतरच्या वर्षी, एकेक सुटा भाग आणून. निशाला तो दिवस चांगला आठवत होता. ती शेलार गावची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. कुणालने जमिनीवर चादर पसरून त्यावर सगळे भाग मांडले आणि तिला प्रत्येकाचं नाव सांगत सांगत संध्याकाळपर्यंत मशीन उभं केलं. त्याची बोटं इतकी सावकाश आणि नेमकी चालत होती की ती बघतच राहिली. कल्याणचे स्टुडिओवाले त्या काळात आपलं अडलेलं काम त्याच्याकडे घेऊन येत. एडिटिंग ती त्याच्या शेजारी स्टूल टाकून शिकली. तेव्हा तिला वाटायचं, या माणसाला सगळं येतं.

मग तीन आठवड्यांनी त्याच किमतीत पुढच्या पिढीचा प्रोसेसर आला. तो भावेशने घेतला. भावेश म्हणजे कुणालच्या काकांचा मुलगा, शेजारच्याच घरातला, मानकोलीला जमीन देऊन गाडी घेतलेला. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. त्याला गेम खेळायचा होता. पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या हळदीत, डीजे थोडा थांबला असताना, त्याने सगळ्या पाहुण्यांसमोर कुणालच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "आमच्या इंजिनीयरसाहेबांनी महिनाभर अभ्यास करून जुना माल घेतला, आणि मी अडाण्याने दुकानात जाऊन नवीन उचलला!" मांडव हसला. केसरीनाथही हसले. दुसऱ्या मिनिटाला डीजे सुरू झाला आणि सगळे विसरले. कुणाल विसरला नाही. त्या दिवसापासून त्याने काहीही विकत घेतलं नाही.

पहिल्या वर्षी निशाने ते समजून घेतलं. दुसऱ्या वर्षीही. त्यानंतर तिने समजून घेणं सोडून दिलं, कारण समजून घेतल्याने मशीन वेगाने चालत नव्हतं.

लग्नं बदलली होती. पूर्वी एक कॅमेरा असायचा, आता चार आणि वर ड्रोन. सगळं शूटिंग इतकं मोठं यायचं की ते नुसतं स्क्रीनवर चालवलं तरी चित्र अडखळायचं. नवरदेव मांडवात येताना दर दोन पावलांनी गोठून उभा राहायचा. जोडून झालेल्या तीन तासांच्या फिल्मची एक अखंड फाइल करायला, ज्याला एक्सपोर्ट म्हणतात, मशीनला अख्खा दिवस लागायचा. निशा बटण दाबून स्वयंपाक करायची, कपडे वाळत टाकायची, येऊन बघायची तर बावीस टक्के. कधी ऐंशी टक्क्यांवर मशीन बंद पडायचं आणि पुन्हा शून्यापासून.

"अहो, आता बदलू या ना," ती म्हणायची. लग्नापासून ती त्याला अहो-जाहोच करत होती, सासरची तशी रीत होती.

"दिवाळीनंतर नवीन येतोय. थांब."

दिवाळी झाली की जानेवारीत घोषणा असायची. जानेवारीत घोषणा झाली की तो म्हणायचा, पहिला लॉट कोणी शहाणा घेत नाही. पहिला लॉट संपला की त्याच्या पुढच्याची बातमी फुटलेली असायची. यूपीएसची बॅटरी मेली, तीही त्याने बदलली नाही, कारण लिथियमवाले यूपीएस स्वस्त होणार होते. वीज गेली की मशीन थेट बंद. निशा दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करायला शिकली.

त्याचं हे ज्ञान घरापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. भिवंडीत राहणारे भाऊ सबनीस, निवृत्त शिक्षक, त्यांच्या मुलीला, ईराला, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. कोणीतरी कुणालचं नाव सांगितलं म्हणून बापलेक मुद्दाम कोनला आले. कुणालने त्यांना दीड तास बसवून घेतलं आणि थांबायला सांगितलं. ते बिचारे थांबले. मधल्या काळात मेमरीचे भाव असे भडकले की जे मशीन त्यांच्या आवाक्यात होतं ते राहिलं नाही, आणि ईराने शेवटच्या वर्षाची ड्रॉइंग मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या मशीनवर काढली. पुढे भाऊ एकदा निशाला मंडईत भेटले. "तुमच्या यजमानांचा अभ्यास दांडगा आहे हो," ते म्हणाले आणि पिशवी सावरून निघून गेले. निशा कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर मान खाली घालून उभी राहिली.

तिने घरी येऊन ते कुणालला सांगितलं. तो म्हणाला, "भाव चढले हा माझा दोष? उतरतील. तेव्हा घ्या म्हणावं."

"तिची परीक्षा झाली."

"मग आता घाई कसली आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

यंदा फेब्रुवारीत शेलारच्या सावळाराम भोईरांच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला. सुट्टी संपत आलेली, रविवारी त्याला निघायचं होतं आणि मग नऊ महिने समुद्र. सावळाराम निशाच्या माहेरच्या आळीतले, म्हणून ते सरळ तिच्याशीच बोलले. "पोरी, एक काम कर. त्यो जायच्या आधी फिल्म दे. तिथं नेट बिट न्हाय चालत. संगती नेईल बिचारा, बघत बसंल."

"शनिवारी संध्याकाळी या, काका," निशा म्हणाली.

सावळाराम गेल्यावर कुणाल म्हणाला, "शब्द कशाला दिलास? या मशीनवर होणार नाही."

"मग काय करायचं?"

"ज्याला घाई असेल तो जाईल दुसरीकडे."

त्याला गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नसायचं. गिऱ्हाइकाला चुकीच्या वेळी लग्न करण्याची बुद्धी सुचली, हा त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाचाच दोष होता.

बुधवारपर्यंत निशाने फिल्म जोडून पुरी केली. बुधवारी सकाळी एक्सपोर्टला लावली, ती एकाहत्तर टक्क्यांवर बंद पडली. दुपारी पुन्हा लावली. या खेपेला छत्तीसवर. मशीनचा पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. ती कुणालसमोर जाऊन उभी राहिली.

"आजच्या आज काहीतरी घ्यायला हवं."

"पुढच्या महिन्यात घोषणा आहे," तो म्हणाला. "आज घेणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. मेमरीचे भाव बघितलेस? नवीन प्रोसेसर म्हणजे नवीन बोर्ड, नवीन मेमरी. सगळं टोकाच्या भावात. माझ्या नावावर असला व्यवहार मला नकोय."

"आणि शनिवारी सावळारामकाकांना काय सांगू?"

"सांग थांबा म्हणून. सगळं जग थांबतं."

गुरुवारी सकाळी निशा रिक्षात बसून भिवंडीला गेली. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत कुमारचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कुणाल एकेकाळी सगळं सामान तिथूनच घ्यायचा. कुमारने बोर्डाचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पट्टीचं, नाव विचारलं. तिने मोबाइलवर काढून आणलेला फोटो दाखवला. तो फोटो त्याने बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, याला नवीन बोर्ड कशाला हवा? याच बोर्डावर आठ कोअरचा बसतो. खाच तीच आहे. मेमरी तीच, सगळं तेच. फक्त प्रोसेसर काढायचा आणि हा लावायचा."

"या आठ वर्षांच्या बोर्डावर?"

"चार वर्षं झाली हा विकतोय मी. तुमच्यासारख्या जुन्या बोर्डवाल्यांनी किती नेले. कुणालदादांना तर माहीतच असणार, ते मला शिकवायचे."

दुकानात एक गिऱ्हाईक कीबोर्डची बटणं दाबून बघत होतं, टकटक, टकटक. चार वर्षं. निशाने मनात हिशेब केला तो लग्नांचा नव्हता. ऐंशी टक्क्यांवर बंद पडलेल्या दुपारी किती झाल्या असतील, याचा होता.

"फक्त एक बघा," कुमार डबा पिशवीत घालत म्हणाला. "जुन्या बोर्डाला आधी बायॉस अपडेट लागतो. बोर्डाच्या आत छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला नवीन प्रोसेसरची ओळख करून द्यावी लागते. जुना बसलेला असतानाच करायचं. दादांनी केलेलाच असेल, पण विचारून घ्या." मग त्याने तिला काढायचं कसं तेही दाखवलं. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली सुकलेली पेस्ट सैल होते, आणि वरचा पंखा सरळ उपसायचा नाही, हलकेच पिळून सोडवायचा.

घरी आल्यावर कुणालने डबा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "घेतलास? हा? मेलेली पिढी आहे ही. प्रेताला नवीन शर्ट."

"हा बसतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसायला मी कोण आहे? पण असलं ठिगळ कोणी लावतं का?"

तिने वाद घातला नाही. पेनड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर, पेस्टची नळी टेबलावर काढून ठेवली. मग विचारलं, "बायॉस अपडेट केलाय का?"

"केलंय," तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

तिने मशीन गरम केलं, बंद केलं, झाकण काढलं. पंखा पिळून सोडवला. जुना प्रोसेसर अलगद उचलून स्वच्छ कपड्यावर ठेवला. नव्याच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, खटका दाबला, वाटाण्याएवढी पेस्ट टाकली, पंखा बसवून चारही स्क्रू आवळले. पाऊण तास गेला. प्रत्येक स्क्रू ती दोनदा तपासत होती, आणि आपल्याला हे जमतंय याचा तिला आनंद होत होता. तेवढा वेळ कुणाल खुर्चीत बसून होता. मोबाइल हातात असला तरी तो मोबाइल बघत नव्हता.

तिने बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा.

पुन्हा दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा.

"येणारच नाही," कुणाल म्हणाला.

"म्हणजे?"

"बायॉस जुना आहे. तुझा हा पाहुणा कोण, ते बोर्डाला माहीतच नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही केलंय म्हणालात."

"केलंयच. एकोणीस साली. कधी केलंय ते विचारलंस का?" आणि तो हसला. आठ वर्षांत इतकं मनापासून हसताना तिने त्याला पाहिलं नव्हतं.

निशाला प्रथम काही कळलंच नाही. मग कळलं. पाऊण तास हा माणूस तिला राबताना बघत बसला होता. हे सुरू होणार नाही हे त्याला पहिल्या स्क्रूपासून ठाऊक होतं आणि तो या क्षणाची वाट बघत होता. त्याला फिल्म नको होती, गिऱ्हाईक नको होतं, वेगवान मशीनसुद्धा नको होतं. त्याला फक्त तिचा पडलेला चेहरा बघायचा होता.

"तू बघत बसलास," ती म्हणाली. "माहीत असून बघत बसलास."

कुणालचं हसू थांबलं. दारात त्याची आई, आक्का, चहाचे कप घेऊन उभी होती. सुनेच्या तोंडचं ते 'तू' तिने ऐकलं. म्हातारी एरवी असं काही सोडणारी नव्हती. पण तिने कप खाली ठेवले आणि मुलाकडे बघून विचारलं, "काय झाला? काय केलास तिला?"

"मी काय केलं? मी काहीच केलेलं नाही."

"ते तर रोजचंच हाय," आक्का म्हणाली.

निशाने पंखा पुन्हा सोडवला, नवीन प्रोसेसर काढला आणि जुना परत बसवायला उचलला. रागाने बोटं घामेजली होती. प्रोसेसर सटकून फरशीवर पडला. उचलून पाहिला तर खालच्या केसाएवढ्या शेकडो पिनांतल्या दोन वाकड्या झालेल्या.

"गेला," कुणाल म्हणाला. पण खुर्चीतून अर्धा उठलाही. "दे इकडे. तुझ्याने नाही होणार ते."

"हात लावायचा नाही," निशा म्हणाली. "आक्का, बारीक सुई आहे का तुमच्याकडे? आणि बॅटरी धरा जरा."

आक्काने ब्लाउजला हुकं लावायची सुई आणली आणि मोबाइलचा उजेड धरला. खिडकीपाशी बसून निशाने पहिली पिन सरळ केली. दुसरीला वेळ लागला. ती तुटली असती तर शनिवार संपलाच होता. आक्काला यातलं काही कळत नव्हतं, पण तांदूळ निवडताना खडा शोधावा तशी ती वाकून बघत होती. "आता जरा डावीकडं," ती मधेच पुटपुटली, आणि ते बरोबर होतं.

जुना प्रोसेसर बसला. स्क्रीन उजळला. आता अपडेट. निशाने कुमारला फोन केला. त्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, मधेच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा. यूपीएसवर करा."

यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेलेली. त्या आठवड्यात दुपारची वीज दोनदा गेली होती. निशा उठली, चप्पल घातली आणि शेजारी भावेशच्या घरी गेली. तिला दुसरं कोणाकडे जाता आलं असतं. ती मुद्दाम तिथेच गेली.

भावेश स्वतः यूपीएस उचलून घेऊन आला. अशी संधी तो नोकराच्या हाती देणारा नव्हता. खोलीत शिरताच त्याने उघड्या मशीनकडे पाहिलं, आणि मग कुणालकडे.

"काय इंजिनीयरसाहेब! बायकोला लावलंत काय कामाला? आठ वर्षं झाली ना रे? माझ्याकडचे दोन होऊन गेले. तू अजून भाव विचारतोयस?"

कुणाल खुर्चीत लहान झाल्यासारखा दिसत होता. गावभर लोकांचे चेहरे पाडणारा माणूस, त्याची नजर फरशीवरून वर येईना. त्या हळदीच्या मांडवात तो कसा उभा असेल ते निशाला आत्ता दिसलं. तिला वाटलं होतं आपल्याला त्याची कीव येईल. आली नाही. एका टोणग्याने एकदा चिडवलं म्हणून आठ वर्षं बायकोचे दिवस जाळणाऱ्या माणसाची कीव करायला तिच्याकडे वेळ नव्हता. आणि भावेशचं ते पान खाल्लेलं हसूही तिला बघवेना.

"भावेशदादा, ठेवा तिथं आणि निघा," ती म्हणाली.

"अगं, बघतो की जरा गंमत."

"गंमत नाही, काम चाललंय. तुम्हाला कळणारं नाही."

भावेश दोन पावलं मागे सरला, आक्काने त्याला दार दाखवलं आणि तो गेला.

अपडेटला चार मिनिटं लागली. वीज गेली नाही. मग पुन्हा तेच सगळं, जुना काढून नवा बसवणं, तिसऱ्यांदा स्क्रू आवळणं. या खेपेला तिने काहीच दोनदा तपासलं नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली. आक्काने विचारलं, "झाला काय?" निशाने मान डोलावली. तिने लगेच फिल्म एक्सपोर्टला लावली आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघरात न जाता समोर बसून राहिली. आकडे डोळ्यांदेखत चढत होते. एकावन्न मिनिटांत शंभर झाले.

कुणाल मधेच कधीतरी उठून खाली गेला होता.

शनिवारी संध्याकाळी सावळाराम आणि त्यांचा मुलगा आले. मुलाने पहिली दहा मिनिटं तिथेच बघितली. बायकोच्या पाठवणीला सासऱ्यांच्या आधी आपला बापच रडतोय हे त्याने पहिल्यांदा पाहिलं, आणि तो इतका हसला की सावळारामांनी त्याला गुद्दा घातला. मग सावळाराम कुणालकडे वळले. तो खुर्चीत होता, नेहमीसारखा.

"कुणालशेट, झकास केलात. शब्द पाळलात."

कुणालने हात जोडले. "हाताला कसब पाहिजे, काका. मशीन कुठलंही असो."

निशा पेनड्राइव्ह पाकिटात घालत होती. ती थांबली. रागसुद्धा आला नाही तिला. इतक्याशा श्रेयावरही हा माणूस हात मारेल याचं नुसतं नवल वाटलं.

"काका," ती म्हणाली, "फिल्म मी केली. मशीन मी दुरुस्त केलं. यांनी काही केलेलं नाही. होऊ नये म्हणून मात्र केलं."

सावळारामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ते जुने माणूस, नवरा-बायकोच्या मधे पडणारे नव्हेत. त्यांनी पाकीट तिच्या हातून घेतलं आणि तिलाच नमस्कार करून ते मुलासह जिना उतरले.

त्या रात्रीच्या जेवणात केसरीनाथांना सगळं आक्काकडून कळलं. ते जेवताना कोणाशी बोलत नसत. ताटात हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "टायरवाला गाळा सोडतोय पुढच्या महिन्याला. तो कोणाला देऊ नकात. निशाला हवा असेल तर तिचा."

"तिथं रस्त्याची धूळ येईल. मशीन खराब होईल," कुणाल म्हणाला.

"वर एसीत काय चांगला होता?" केसरीनाथांनी विचारलं आणि उठून गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निशाने मशीनची धूळ काढली, मागचा पंखा सोडवून पुसून पुन्हा लावला आणि मशीन खाली आणलं. काचेचं दार लावून घेतलं. पाटीवर काय लिहायचं यावर ती दोन दिवस अडली आणि मग नुसतंच 'लग्न, हळद, बारसं: व्हिडिओ जोडून मिळतील' असं लिहून घेतलं. लोक खालूनच आत येऊ लागले. जिना चढून कुणालच्या तोंडून आपली अक्कल काढून घ्यायची आता गरज नव्हती. मानकोलीच्या एका लॉजिस्टिकवाल्याने गोडाऊनची ड्रोन फिल्म करायला दिली. ईरा सबनीस एकदा आली, तिच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ जोडून घ्यायला. जाताना तिने विचारलं, "सर नाहीत का?" निशा म्हणाली, "वर आहेत," आणि पुढचं काम उघडलं.

कुणाल वर होता. टेबलावर मशीनची चौकोनी धुळीची खूण राहिली होती, ती त्याने पुसली नव्हती. ज्या घोषणेसाठी तो थांबला होता ती झाली. जेवताना त्याने आकडे सांगितले, कोअर किती, वेग किती, आणि निशाने घेतलेला त्यापुढे कसा खेळण्यातला आहे. ऐकायला आक्का होती, तिने आमटी वाढली. निशाने विचारलं, "मग घेतोयस का?" आता ती त्याला तूच म्हणायची आणि घरात कोणी तिला टोकत नव्हतं. तो म्हणाला, मेमरीचे भाव अजून उतरायचेत, इतक्यात घेणारा मूर्ख. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो खाली आला. गाळ्यात पाऊल न ठेवता काचेच्या दारात उभा राहिला. मशीनकडे थोडा वेळ बघितलं. आवाज ऐकला.

"मागचा पंखा उलटा लावलायस," तो म्हणाला. "बाहेरची गरम हवा आत ओढतोय. म्हणून एवढा ओरडतो. प्रोसेसर तापत असेल."

"मला काम आहे," निशा म्हणाली, मागे न वळता.

तो आणखी क्षणभर थांबला. आठ वर्षांपूर्वी चादरीवर भाग मांडताना होता तसा त्याचा आवाज या वेळी साधा होता, त्यात कोणाला खाली पाडायचं नव्हतं, हे तिला कळलं. तरी ती वळली नाही. चपलांचा आवाज जिन्यावर चढत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी तिने झाकण काढलं. पंखा खरोखरच उलटा होता. तिने चार स्क्रू काढले, तो फिरवून लावला, मशीन सुरू करून मागे हात धरून बघितला. गरम वारा आता बाहेर येत होता आणि मशीन जवळजवळ गप्प झालं होतं. तो बरोबर होता. हे तिने त्याला सांगितलं नाही, आणि सांगायचं तिच्या मनातही नव्हतं.